सोळा प्रोसेसवर चालतो, चार हजारांवर अडकतो: एमपीआय जॉब हँग झाला तर काय तपासायचं

एमपीआय म्हणजे अनेक प्रोसेसनी एकमेकींना मेसेज पाठवून एकच काम करण्याची प्रमाण पद्धत. ती वापरून समांतर प्रोग्रॅम चालवणाऱ्यांना मदत करताना एक तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. कोड सोळा प्रोसेसवर नीट चालतो, उत्तरं जुळतात. तोच कोड चार हजार प्रोसेसवर टाकला की आउटपुट मध्येच थांबतं, एरर काही येत नाही, आणि वेळमर्यादा संपली की शेड्युलर (जॉबची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) जॉब मारून टाकतो. तक्रारीच्या शेवटी बहुधा हे वाक्य असतंच: ‘कोडमध्ये चूक नाही, मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे.’ क्वचित ते खरंही निघतं. पण बहुतेक वेळा चूक कोडमध्ये पहिल्यापासून असते. एमपीआयच्या मानकाने कधीच न कबूल केलेल्या एखाद्या सवलतीवर तो कोड निभावून नेत असतो. लहान रनमध्ये ती सवलत आपोआप मिळते, मोठ्या रनमध्ये मिळत नाही.

खालच्या तपासण्या सोप्या आणि स्वस्त असलेल्यांपासून सुरू होतात. शक्यतो क्रम मोडू नका. थेट डीबगरकडे धावलेल्या माणसाला शेवटी कळतं की लायब्ररीच चुकीची जोडली गेली होती, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

लक्षणं

तुमच्या जॉबला यातलं कोणतं लागू पडतं ते आधी ठरवा. निम्मं निदान तिथेच होतं.

- आउटपुट थांबलं आहे, पण नोडवर (मोठ्या मशीनमधल्या एका संगणकावर) पाहिलं तर सगळे कोअर शंभर टक्के व्यस्त आहेत. याचा अर्थ काम चालू आहे असा होत नाही. बहुतेक एमपीआय लायब्ररी मेसेजची वाट पाहताना झोपत नाहीत, सतत डोकावून पाहत राहतात. त्यामुळे राबणारी प्रोसेस आणि अडकलेली प्रोसेस बाहेरून सारखीच दिसते.
- प्रोसेस तेवढ्याच, पण ग्रिड (ज्यावर गणित करायचं ते जाळं) मोठी केली की अडकतो. इथे संशय मेसेजच्या आकारावर घ्यायचा.
- ग्रिड तीच, पण प्रोसेस वाढवल्या की अडकतो. इथे संशय कामाच्या वाटणीवर, टॅगवर (मेसेजला लावलेल्या क्रमांकावर) किंवा कलेक्टिव्ह कॉलच्या (सगळ्या प्रोसेसनी मिळून करायच्या कॉलच्या) क्रमावर.
- प्रत्येक प्रोसेस सांगते की ‘मी रँक ०, एकूण प्रोसेस १’ (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक). हा हँग नाहीच, पण तक्रार त्याच नावाने येते.
- काही तास सुरळीत, मग मेमरी संपते किंवा कम्युनिकेटर (आपसात बोलणाऱ्या प्रोसेसचे गट) फार झाल्याचा एरर येतो.
- मेसेज ट्रंकेट झाल्याचा, म्हणजे जागेत न मावल्याने कापला गेल्याचा, एरर येतो, तोही कधी येतो कधी नाही.
- एकाच इनपुटवर कधी पूर्ण होतो, कधी अडकतो, आणि नोड बदलले की वागणं बदलतं.

आधी खात्री करा: खरंच अडकला आहे का?

स्क्रीनवर दिसलेली शेवटची ओळ म्हणजे प्रोग्रॅमने चालवलेली शेवटची ओळ नव्हे. आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये जात असेल तर ते बफरमध्ये साठतं आणि बफर भरल्यावरच बाहेर पडतं. प्रत्येक छापण्यानंतर बफर रिकामा करा. पायथॉन असेल तर बफर न करण्याचा पर्याय देऊन चालवा. असं केल्यावर ‘वाचनात अडकलाय’ म्हणून आलेले कितीतरी जॉब प्रत्यक्षात तीन पायऱ्या पुढे कुठेतरी अडकलेले निघतात.

दुसरी शक्यता अशी की जॉब अजून सुरूच झालेला नाही. हजारो प्रोसेस एकाच वेळी सामायिक फाइलसिस्टिमवरून पायथॉनची शेकडो बारीक मॉड्यूल्स उघडू लागल्या की नुसत्या सुरुवातीलाच कित्येक मिनिटं जातात. एमपीआय_इनिटच्या (एमपीआय सुरू करणाऱ्या कॉलच्या) आधी आणि नंतर रँक ० कडून वेळ छापून घ्या. वेळ आधीच्या भागात जात असेल तर एमपीआयचा काही दोष नाही. पॅकेज प्रत्येक नोडच्या स्थानिक डिस्कवर किंवा मेमरीत आणून ठेवा आणि पुढे चला.

तिसरी शक्यता प्रोसेस कोअरना बांधण्याची. लाँचरला (नोडवर प्रोसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) चुकीचे पर्याय दिले की एका नोडवरच्या सगळ्या प्रोसेस एक-दोन कोअरवर येऊन बसतात. जॉब अडकलेला नसतो, पन्नासपट हळू झालेला असतो, आणि आपल्या दृष्टीने दोन्ही सारखंच. ही बांधणी (बाइंडिंग) छापण्याचा पर्याय बहुतेक लाँचरमध्ये असतो. तो एकदा चालू करून पाहायला काही खर्च येत नाही.

लायब्ररी तीच आहे का?

कोड ज्या एमपीआयने कंपाइल केला तीच लायब्ररी चालताना जोडली जाते आहे का? हे लॉगिन नोडवर पाहून उपयोग नाही, जॉबच्या आत कॉम्प्यूट नोडवर पाहा. एलडीडी चालवून कोणती फाइल जोडली जाते ते बघा, आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एमपीआय_गेट_लायब्ररी_व्हर्जनचा मजकूर एकदा छापा. ही सवय मी सगळ्यांना लावतो, कारण पुढे मदत मागताना पहिला प्रश्न तोच येणार असतो.

हे का महत्त्वाचं? मानकाने फंक्शनांची नावं आणि अर्थ ठरवून दिले, पण कम्युनिकेटर किंवा डेटाटाइप मेमरीत कसा ठेवायचा हे कित्येक वर्षं लायब्ररीवर सोडलं होतं. एमपीच आणि ओपन एमपीआय या एमपीआयच्या दोन प्रमुख लायब्ररी. एमपीचमध्ये त्यांच्या ओळखखुणा (हँडल्स) पूर्णांक असतात, ओपन एमपीआयमध्ये पॉइंटर. एकीसाठी कंपाइल केलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालवला की जे होईल ते कमीच. एमपीचच्या कुळातल्या लायब्ररी आपसात बऱ्याच अंशी अदलाबदल करता येतात, कुळाबाहेर नाही. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एमपीआय-५.० ने पहिल्यांदाच एक प्रमाण एबीआय (कंपाइल झालेला प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यातला करार) दिला, म्हणजे एकदा कंपाइल केलेला प्रोग्रॅम वेगवेगळ्या लायब्ररींवर चालवण्याची वाट मोकळी झाली. कंटेनर वापरणाऱ्यांची मोठी डोकेदुखी त्याने कमी होईल. मात्र लायब्ररी आणि तुमचा प्रोग्रॅम दोन्ही त्या एबीआयने बांधलेले असले तरच हा फायदा मिळतो. तोपर्यंत जुनाच नियम: कंपाइल करताना जे मॉड्यूल, चालवताना तेच.

‘रँक ०, एकूण १’ हे लक्षण लाँचरचं. एका लायब्ररीच्या एमपीआयरनने दुसऱ्या लायब्ररीचा प्रोग्रॅम सुरू केला की प्रत्येक प्रोसेसला शेजारी कोण हे कळत नाही आणि ती स्वतःला एकटीच समजते. स्लर्म या शेड्युलरच्या एसरनने सुरू करत असाल तर त्याला प्रोसेसना एकमेकींची ओळख करून देणाऱ्या पीएमआय-२ किंवा पीएमआयएक्स यांपैकी लायब्ररीला समजेल तोच प्रकार सांगावा लागतो.

इथे एक गोंधळ मिटवून टाकू. ओपन एमपीआयची ५.० आवृत्ती आणि एमपीआय मानकाची ५.० आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका लायब्ररीची आवृत्ती, ती आधी आली. दुसरी कागदावरचं मानक. ‘आमच्याकडे पाच आहे’ असं कोणी सांगितलं तर कुठलं पाच ते विचारून घ्या.

तुमच्या कोडशिवाय मशीन चालतं का?

त्याच नोडवर, तेवढ्याच प्रोसेस घेऊन आधी नुसता ‘नमस्कार’ छापणारा एमपीआय प्रोग्रॅम चालवा. मग ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ओएसयू मायक्रोबेंचमार्कमधली ऑलरिड्यूसची (सगळ्या रँकची मूल्यं एकत्र करून उत्तर सगळ्यांना देणाऱ्या कॉलची) चाचणी. दहा मिनिटांचं काम आहे. तीही अडकली तर तुमच्या कोडमध्ये शोधत बसू नका, खाली ‘कुठे थांबायचं’ तिकडे जा. ती सुरळीत पार पडली तर मशीनला बोल लावणं थांबवा आणि पुढे वाचा.

जॉब कधी अडकतो कधी नाही असं असेल तर प्रत्येक वेळची नोडची यादी जपून ठेवा. अडकलेल्या सगळ्या यादींत एकच नोड सापडला की प्रकरण संपलं. तो नोड वगळून चालवा आणि कळवा.

सगळ्या रँक कुठे उभ्या आहेत ते पाहा

आता जॉब अडकलेला असतानाच त्याच्या आत डोकवायचं. दोन-चार नोडवर जाऊन जीडीबी हा डीबगर जोडा किंवा जीस्टॅक चालवा, आणि प्रत्येक प्रोसेसचा कॉल स्टॅक (ती कोणत्या फंक्शनमध्ये उभी आहे त्याची यादी) घ्या. एक मिनिटाने पुन्हा घ्या. दोन्ही वेळा सगळं जसंच्या तसं असेल तर खरंच अडकलं आहे. बदललेलं असेल तर फक्त हळू आहे.

प्रोसेस हजारो असतील तर हाताने जमणार नाही. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेलं स्टॅट नावाचं साधन नेमकं याचसाठी आहे. सगळ्यांचे स्टॅक गोळा करून ते एकाच झाडात मांडतं, म्हणजे ‘४०९५ रँक ऑलरिड्यूसमध्ये, एक रँक फाइल वाचण्यात’ असं चित्र समोर येतं. नजर नेहमी अल्पसंख्याकांकडे ठेवा. गर्दी जिथे उभी आहे तिथे चूक नसते, गर्दी फक्त वाट पाहते आहे. जी एक-दोन रँक वेगळीकडे दिसतात त्यांची चौकशी करा.

चित्र कसं वाचायचं ते थोडक्यात. सगळ्या रँक सेंडमध्ये दिसल्या तर पुढचा भाग तुमचाच आहे. काही ब्रॉडकास्टमध्ये (एकीकडून सगळ्यांना वाटणं) आणि काही बॅरियरमध्ये (सगळ्या येईपर्यंत थांबणं) असतील तर त्यानंतरचा. एक रँक राइटमध्ये आणि बाकीच्या तिची वाट पाहताहेत असं दिसलं तर फाइलसिस्टिम तपासा, एमपीआय नाही. आणि एखादी रँक यादीत नाहीच, तर ती मेली आहे. नोडची मेमरी संपल्याने ऑपरेटिंग सिस्टिमने तिला मारलं का ते पाहा.

सेंड समोर सेंड

सगळ्यात जास्त सापडणारा आणि सगळ्यात जास्त नाकारला जाणारा दोष हाच.

दोन शेजारी प्रोसेस कडेचा डेटा अदलाबदल करतात. दोघी आधी एमपीआय_सेंड करतात, मग एमपीआय_रिसीव्ह. मानक काय म्हणतं? सेंड परत आला म्हणजे तुमचा बफर पुन्हा वापरायला मोकळा, एवढंच. मेसेज लायब्ररीने स्वतःच्या जागेत उतरवून घेतला की समोरच्याने रिसीव्ह लावल्यावरच सेंड परत आला, हे मानकाने लायब्ररीवर सोडलं आहे. १९९४ च्या पहिल्या आवृत्तीपासून हे असंच आहे.

प्रत्यक्षात लायब्ररी दोन पद्धती वापरते. लहान मेसेज ‘ईगर’ पद्धतीने जातो: समोरच्याची तयारी न विचारता पाठवून मोकळं व्हायचं, पलीकडे तो तात्पुरत्या जागेत पडून राहतो. मोठा मेसेज ‘राँदेव्हू’ पद्धतीने जातो: आधी विचारायचं, पलीकडे रिसीव्ह लागला की मगच डेटा हलवायचा. मधली सीमा लायब्ररी, नेटवर्क आणि सेटिंगनुसार बदलते. काही किलोबाइटपासून काही दहा किलोबाइटपर्यंत ती कुठेही असू शकते. एकाच नोडवरच्या दोन प्रोसेस शेअर्ड मेमरीने बोलतात, त्यांची सीमा वेगळी. वेगवेगळ्या नोडवरच्या नेटवर्कने बोलतात, त्यांची वेगळी. म्हणून सेंड-सेंडवाला कोड लहान ग्रिडवर, एका नोडवर, झकास चालतो. कडेचा डेटा सीमा ओलांडतो त्या क्षणी दोघीही विचारतात, ऐकायला कोणीच नसतं, आणि जॉब तिथेच बसतो.

याची चाचणी इतकी स्वस्त आहे की ती न करण्याला कारणच नाही. कोडमधला प्रत्येक एमपीआय_सेंड बदलून एमपीआय_एससेंड करा आणि चार प्रोसेसवर चालवा. एससेंड म्हणजे सिंक्रोनस सेंड. समोर रिसीव्ह सुरू झाल्याशिवाय तो कधीच परत येत नाही, मेसेज एका बाइटचा असला तरी. कोडला हात लावायचा नसेल तर पीएमपीआय वापरा. मानकातच सोय आहे की प्रत्येक फंक्शन ‘पी’ लावलेल्या दुसऱ्या नावानेही उपलब्ध असतं, त्यामुळे स्वतःचा सेंड लिहून आतून पीएमपीआय_एससेंड बोलावता येतो. चार प्रोसेसवर जॉब अडकला तर दोष सापडला, तोही लॅपटॉपवर, रांगेत न थांबता.

उपाय नेहमीचे: एमपीआय_सेंडरिसीव्ह, किंवा आधी सगळे आयरिसीव्ह, मग आयसेंड (हे दोन्ही न थांबता लगेच परत येतात), शेवटी सगळे पूर्ण होईपर्यंत थांबणारा वेटऑल. लाल-काळ्या क्रमाने आलटून पालटून पाठवणंही चालतं, पण वाचणाऱ्याचे हाल होतात.

जे करू नका ते असं: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने ईगरची सीमा वाढवून हँग घालवू नका. जॉब चालेल, आणि लोक खूश होऊन निघून जातात. पण प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत न मागता आलेल्या मेसेजसाठी जागा खर्च होऊ लागते, आणि पुढच्या मशीनवर सीमा वेगळी असली की तोच जॉब पुन्हा अडकतो.

याच दोषाचं एक सौम्य रूपही आहे, आणि ते जास्त फसवं. ग्रिड गोलाकार जोडलेली नसेल तर साखळीतल्या शेवटच्या रँकला पुढे कोणाला पाठवायचं नसतं. ती थेट रिसीव्हला येते, तिच्या आधीची मोकळी होते, मग तिच्या आधीची. जॉब अडकत नाही, पण अदलाबदलीचा वेळ साखळीच्या लांबीइतका वाढत जातो. सोळा रँकवर कळतही नाही. ‘नेटवर्क स्केल होत नाही’ अशी तक्रार आली की मी हे आधी पाहतो.

कलेक्टिव्हचा क्रम

नियम एका ओळीचा आहे: कम्युनिकेटरमधल्या प्रत्येक रँकने तेच कलेक्टिव्ह कॉल त्याच क्रमाने करायचे. ‘आम्ही पाळतो’ असं सगळेच म्हणतात. नियम कुठे मोडतो ते पाहा.

पहिलं, रिकाम्या हाताची रँक. सबरुटीनच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं: माझ्याकडे घटक नसतील तर परत जा. आत पुढे एक ऑलरिड्यूस असतो. सोळा प्रोसेसवर प्रत्येकीकडे काही ना काही असतं. चार हजारांवर काही जणींच्या वाट्याला शून्य येतं, त्या परत जातात, आणि बाकीच्या वाट पाहत राहतात. प्रोसेस वाढल्यावरच अडकणाऱ्या जॉबमध्ये हे कारण मी सगळ्यात आधी धरतो.

दुसरं, घड्याळ. ‘वेळ संपत आली तर चेकपॉइंट (पुढे तिथूनच सुरू करता येईल अशी साठवण) लिही’ अशी अट प्रत्येक रँक स्वतःच्या घड्याळावर तपासते. सीमेच्या क्षणी काहींना वाटतं वेळ झाली, काहींना वाटतं अजून आहे. काही सामूहिक लेखनात शिरतात, काही पुढच्या पायरीत. रँक जितक्या जास्त तितकी ही गाठ पडण्याची शक्यता जास्त. निर्णय रँक ० ने घ्यायचा आणि तो सगळ्यांना ब्रॉडकास्ट करायचा.

तिसरं, अभिसरणाची, म्हणजे उत्तर स्थिरावलं का याची, तपासणी. प्रत्येक रँकने स्वतंत्रपणे काढलेल्या दशांश संख्येवर लूप सोडायचा की नाही हे ठरवलं तर बेरजेचा क्रम बदलल्याने शेवटच्या अंकात फरक पडतो आणि एखादी रँक एक फेरी आधी बाहेर येते. ऑलरिड्यूसचं उत्तर मात्र सगळ्यांकडे सारखंच यावं ही मानकाची सक्ती आहे. मी तरी निर्णय हो-नाही अशा पूर्णांकात रूपांतरित करून एकाकडूनच वाटतो.

चौथं, एक्सेप्शन. एका रँकवर एक्सेप्शन आलं, ती बाहेर पडली, बाकीच्या बॅरियरवर ताटकळत उभ्या. पायथॉनमध्ये एमपीआय४पाय हे पॅकेज वापरत असाल तर स्क्रिप्ट थेट न चालवता एमपीआय४पाय मॉड्यूलमार्फत चालवा. मग न पकडलेलं एक्सेप्शन आलं की संपूर्ण जॉब अबॉर्ट होतो आणि निदान एरर तरी दिसतो.

आकारातला फरकही इथेच येतो. ब्रॉडकास्टमध्ये मुळाने (वाटणाऱ्या रँकने) एक काउंट, म्हणजे घटकांची संख्या, दिला आणि बाकीच्यांनी दुसरा, तरी लहान मेसेजवर कदाचित निभावतं. मेसेज किंवा प्रोसेस वाढल्या की लायब्ररी आतली पद्धत बदलते, मेसेजचे तुकडे करून वाटते, आणि तुकड्यांचा हिशोब जुळत नाही. ट्रंकेटचा एरर कधी येतो कधी नाही याचं कारण बरेचदा हेच.

हे सगळं डोळ्यांनी शोधायचं नसेल तर मस्ट हे साधन वापरा. ते चालू जॉबमध्ये कॉल जुळतात का ते तपासतं आणि डेडलॉकमध्ये कोण कोणाची वाट पाहतंय ते दाखवतं. ते नसेल तर पीएमपीआयमध्ये एक मोजणी ठेवा: प्रत्येक कलेक्टिव्हला क्रमांक, नाव आणि काउंट रँकनिहाय फाइलमध्ये. मग दोन फाइलींची तुलना केली की पहिला फरक सापडतो.

पूर्णांक आणि टॅग

सी मध्ये एमपीआयचा काउंट पारंपरिकपणे साधा इंट, म्हणजे जास्तीत जास्त २१४७४८३६४७. एका मेसेजमध्ये इतके घटक कोण पाठवतो असं वाटतं, पण सगळ्यांचा डेटा गोळा करणाऱ्या गॅदरव्ही-ऑलगॅदरव्हीमधली विस्थापनंही (कोणाचा डेटा कुठून सुरू होतो ते आकडे) इंटच असतात. ५०,००० प्रोसेसनी प्रत्येकी ५०,००० घटक दिले की शेवटचं विस्थापन २५० कोटींच्या घरात जातं, उलटून ऋण होतं, आणि मेमरीत भलतीकडे लिहिलं जातं. जून २०२१ च्या एमपीआय-४.० ने याच फंक्शनांची मोठ्या काउंटची रूपं दिली, सी मध्ये नावामागे ‘_सी’ लावलेली. फोरट्रानमध्ये ती फक्त एमपीआय_एफ०८ मॉड्यूलमधून मिळतात. जुनी एमपीआयएफ हेडर फाइल अजून वापरत असाल तर आता सोडा. ती एमपीआय-४.१ मध्ये कालबाह्य ठरवली आहे, आणि तिच्यात विसरलेला आर्ग्युमेंट कंपायलर पकडेलच असं नाही. एफ०८ मॉड्यूलने नुसतं कंपाइल केलं तरी जुन्या कोडमधल्या चुका भराभर बाहेर पडतात.

टॅगचंही तसंच. मानक ३२७६७ पर्यंतच्या टॅगची खात्री देतं, त्यापुढचं लायब्ररीवर. रँक गुणिले हजार अधिक पायरी असा टॅग बनवणारे कोड मोठ्या रनमध्ये मर्यादा ओलांडतात. एमपीआय_टॅग_यूबी हा ॲट्रिब्यूट वाचून तुमच्या लायब्ररीची मर्यादा पाहा.

न सोडलेली साधनं आणि एका रँकवरची गर्दी

काही तासांनी मरणारा जॉब असेल तर लूपच्या आत तयार होणारे कम्युनिकेटर शोधा. स्प्लिट (तुकडे) किंवा डुप (प्रत) करून बनवलेल्या प्रत्येकाला तो सोडून देणारा एमपीआय_कॉम_फ्री हवा. कम्युनिकेटरना आतून मिळणारे क्रमांक मर्यादित असतात, अनेक लायब्ररींत काही हजार, आणि ते संपले की जॉब संपतो. तसंच वेट किंवा टेस्ट न केलेले आयसेंड मेमरी खात राहतात.

सगळ्या रँक एकदम रँक ० कडे मेसेज टाकतात ही रचना असेल तर तीही बदला. रिसीव्ह लागण्याआधी आलेले मेसेज रांगेत पडून राहतात, आणि मेसेज जुळवण्याचं काम हार्डवेअरमध्ये करणाऱ्या नेटवर्क कार्डांत त्या रांगेची जागा मर्यादित असते. स्लिंगशॉट या सुपरकॉम्प्युटरमधल्या नेटवर्कवर ही जागा संपल्याचा एरर आला तर जुळवणी ‘हायब्रिड’ पद्धतीवर टाकून वेळ मारून नेता येते. खरा उपाय मात्र गॅदर किंवा टप्प्याटप्प्याने गोळा करणं हाच.

थ्रेड, जीपीयू आणि प्रगती

इथून पुढे वेळ लागतो. एमपीआय_इनिट_थ्रेडला मल्टिपल (अनेक थ्रेडना एकदम एमपीआय वापरू देणारी पातळी) मागितलं म्हणजे ते मिळालंच असं नाही. परत आलेली पातळी तपासा. खालची पातळी मिळाली असताना दोन थ्रेड एकदम एमपीआयमध्ये शिरले तर काहीही होऊ शकतं.

जीपीयूवरच्या मेमरीचा पत्ता सेंडला देत असाल तर लायब्ररी जीपीयू-अवेअर बांधलेली आणि तशी चालू केलेली हवी. नेहमीच्या एमपीआय कॉलना जीपीयूच्या स्ट्रीमचा (जीपीयूवरच्या कामांच्या रांगेचा) क्रम माहीत नसतो. कर्नल (जीपीयूवर चालणारं फंक्शन) पूर्ण होण्याआधी सेंड केला तर जुना डेटा जातो, म्हणून आधी स्ट्रीम सिंक करा. एनसीसीएलसारखी जीपीयूंमधल्या संवादाची लायब्ररी आणि एमपीआय एकाच वेळी वापरत असाल तर दोघींचे कलेक्टिव्ह सगळ्या रँकवर एकाच क्रमाने लागतात याची खात्री करा. एकमेकींची वाट पाहत दोघी सहज अडकतात.

आणि आयसेंड केला म्हणजे डेटा पार्श्वभूमीवर चाललाच असं गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी लायब्ररी पुढचं पाऊल तेव्हाच टाकते जेव्हा तुम्ही कुठलातरी एमपीआय कॉल करता. आयसेंड करून मग एमपीआयला हात न लावता शेअर्ड मेमरीतला एखादा फ्लॅग बदलण्याची वाट पाहणारा लूप कायमचा फिरत राहू शकतो. लक्ष्य रँक एमपीआयला शिवतच नसेल तर एकतर्फी पुट-गेटमध्येही (दुसऱ्या रँकच्या मेमरीत थेट लिहिण्या-वाचण्यातही) हेच होऊ शकतं.

नोड पडला तर

जपानच्या फुगाकू या सुपरकॉम्प्युटरमध्ये १,५८,९७६ नोड आहेत. नोडमागे चार प्रोसेस धरल्या तर ६,३५,९०४ रँक होतात. अमेरिकेच्या ऑरोरात १०,६२४ नोड आहेत, शिवाय प्रत्येकात अनेक जीपीयू. एवढ्या पसाऱ्यात लांब रनमध्ये एखादा नोड जाणारच. एमपीआयचा मूळ एरर हँडलर सगळा जॉब थांबवणारा आहे, आणि त्याच्या जागी एरर परत देणारा हँडलर लावला तरी नोड गेल्यावर उरलेल्यांनी पुढे कसं चालायचं याची पूर्ण व्यवस्था मानकाच्या ५.० आवृत्तीतही नाही. यूएलएफएम हा त्यासाठीचा विस्तार ओपन एमपीआयच्या ५.० मध्ये वापरता येतो. बाकीच्यांनी चेकपॉइंट लिहावेत. एरर परत देणारा हँडलर लावून परत आलेला कोड न तपासणं सगळ्यात वाईट: मरायला हवा तो जॉब मुकाट अडकून राहतो.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः खोदणं थांबवा आणि सिस्टिम सांभाळणाऱ्यांना बोलवा.

- ओएसयूची चाचणी त्याच नोडवर अडकते किंवा फार हळू चालते.
- अडकलेल्या प्रत्येक रनमध्ये एकच नोड किंवा एकच स्विच येतो.
- लिंक बंद पडल्याचे, मेमरी नोंदवता न आल्याचे किंवा लॉक्ड मेमरीची मर्यादा कमी असल्याचे संदेश येतात. या मर्यादा बदलणं वापरकर्त्याच्या हातात नसतं, आणि नेटवर्क ड्रायव्हरशी खेळ करू नये.
- सगळ्या रँक एकाच कलेक्टिव्हच्या आत आहेत, काउंट, टाइप, मूळ रँक सगळं जुळतं, एससेंडची चाचणी पार झाली आहे, मस्ट काही सांगत नाही, तरी अडकतं. हा लायब्ररीतला दोष असू शकतो, आणि तो तिच्या निर्मात्यांकडेच जायला हवा. त्याच मशीनवर दुसरी एमपीआय लायब्ररी असेल तर तिच्यावर एकदा चालवून पाहा. तिच्यावर चाललं तर ते तक्रारीत लिहा.
- जॉब पूर्ण मशीनवरच अडकतो, लहान आकारावर कधीच नाही. एवढ्या रनचा खर्च स्वतःच्या वाट्यातून करत राहू नका, त्यांच्यासोबत वेळ ठरवून करा.

मदत मागताना जॉबचा क्रमांक, नोडची यादी, लायब्ररीच्या आवृत्तीचा पूर्ण मजकूर, लोड केलेली मॉड्यूल्स, किमान चार-पाच रँकचे एक मिनिटाच्या अंतराने घेतलेले स्टॅक आणि वरच्यापैकी कोणत्या चाचण्या पार झाल्या हे पाठवा. जॉब अजून अडकलेलाच असेल तर मारू नका. तसाच ठेवून फोन करा, म्हणजे त्यांना आत पाहता येतं.